रफू, टाका आणि ठिगळ

आपल्याकडे कुणाला कॅन्सर झाल्याचं कळलं की दुसऱ्याच दिवशी नातेवाइकांची चौकशी समिती बसते. सदस्य स्वयंनियुक्त, पुरावे वगैरे लागत नाहीत. "टेन्शन फार घ्यायची हो." "फ्रिजमधलं शिळं खायची सवय." "मायक्रोवेव्ह आणलाय ना घरात..." आणि अगदीच काही हाती लागलं नाही तर "असेल मागच्या जन्मीचं काहीतरी". निकाल आधीच ठरलेला असतो. ज्याला आजार झाला त्याचंच काहीतरी चुकलं, आता फक्त काय चुकलं तेवढं शोधायचं!

मला ह्या समितीचा राग येतो. पण समितीतले निम्मे सदस्य हे पान नेमाने वाचतात, त्यामुळे जपून लिहिते. :-) शिवाय त्यांच्या मनात वाईट काही नसतं हे मलाही कळतं. कारण सापडलं की भीती कमी होते. "तिने अमुक केलं म्हणून तिला झालं, आपण तसं करत नाही, म्हणजे आपण सुटलो," असा तो साधा हिशेब असतो. पण हिशेब चुकीचा आहे आणि त्याची किंमत आजारी माणूस मोजतो. म्हणून आज जरा पेशीच्या आत जाऊन बघू या. वीस वर्षं अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवलंय, त्यामुळे मधूनमधून फळ्यासमोर उभी राहिल्यासारखी बोलेन. चालवून घ्या.

आमच्या मावशीला गेल्या वर्षी अंडाशयाचा कॅन्सर निघाला. (तिला विचारूनच लिहितेय.) त्याआधी चार वर्षं तिच्या मुलीला, एक्केचाळिसाव्या वर्षी, स्तनाचा कॅन्सर झाला होता. दोघी आता बऱ्या आहेत, मावशीच्या गोळ्या चालू आहेत. केमोच्या तिसऱ्या फेरीनंतर मावशी मला म्हणाली, "तू शिकवायचीस ना हे सगळं? मग सांग बघू, माझं काय गं चुकलं?" जिने जन्मभर घरातल्या सगळ्यांची पानं वाढून मग स्वतःचं ताट घेतलं, तिला हा प्रश्न पडावा ह्याचं फार वाईट वाटलं. तेव्हा तिला जे सांगितलं तेच इथे जरा सविस्तर लिहिते.

पहिली गोष्ट म्हणजे डीएनए हा काही शिलालेख नाही. एकदा कोरला आणि हजार वर्षं तसाच राहिला, असं त्याचं नसतं. टोमास लिंडाल ह्या स्वीडिश शास्त्रज्ञाने १९७० च्या दशकात दाखवून दिलं की आपल्या शरीराच्या साध्या तापमानाला, नुसत्या पाण्यातसुद्धा, डीएनए हळूहळू विरत असतो. एकेका पेशीत रोज दहा हजारांच्या आसपास अक्षरं आपोआप गळून पडतात असा अंदाज आहे. उन्हाने आणि तंबाखूने होणारं नुकसान ह्याच्यावर वेगळं. आपण पाण्याचे बनलेलो आहोत आणि प्राणवायूवर जगतो, त्याचंच हे देणं. सात्त्विक जेवणाऱ्यालाही ते चुकत नाही आणि पहाटे पाचला प्राणायाम करणाऱ्यालाही चुकत नाही.

मग आपण टिकतो कसे? तर दुरुस्ती अखंड चालू असते म्हणून. ही दुरुस्ती कशी चालते हे उलगडल्याबद्दल लिंडाल, पॉल मॉडरिच आणि अझीझ संजार ह्या तिघांना २०१५ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. (संजार हे तुर्कस्तानातल्या सावूर नावाच्या छोट्या गावचे. आईवडील शाळेत न गेलेले, घरात आठ भावंडं. आधी खेड्यात डॉक्टरकी केली आणि मग संशोधनाकडे वळले. मला ही माणसं फार आवडतात.)

ह्या दुरुस्तीच्या मुळाशी एक साधी युक्ती आहे, ती म्हणजे नक्कल. डीएनएचे दोन धागे समोरासमोर असतात. ए समोर टी आणि जी समोर सी, ही जोडी ठरलेली. एका धाग्यावरचं अक्षर गळलं तरी समोरच्या धाग्यावर बघून ते भरता येतं. हे भरायचं काम करणाऱ्या एन्झाइमांना पॉलिमरेज म्हणतात. पेशी दुभागण्याआधी सगळ्या डीएनएची प्रत काढणारेही ह्याच जातीचे. थोडक्यात, नकलाकार आणि दुरुस्तीवाला ही एकाच घराण्यातली माणसं आहेत.

हे कळलं त्याची गोष्ट मी वर्गात हमखास सांगायचे. आर्थर कॉर्नबर्ग ह्यांनी १९५६ मध्ये ई. कोलाय ह्या जिवाणूतून पहिला पॉलिमरेज शोधला. १९५९ मध्ये त्यांना नोबेलही मिळालं. डीएनएची नक्कल करणारा एन्झाइम सापडला, असंच तेव्हा बहुतेकांना वाटलं. पुढे १९६९ मध्ये जॉन केर्न्स आणि त्यांच्या सहकारी पॉला डी ल्युशिया ह्यांनी एकेक करत हजारो वसाहती तपासल्या आणि एक विचित्र जिवाणू शोधून काढला. त्याच्यात कॉर्नबर्ग ह्यांचा एन्झाइम जवळजवळ नव्हताच, तरी पठ्ठ्या मजेत वाढत होता! डीएनएच्या प्रतीही निघत होत्या. फक्त अतिनील किरण पडले की तो पटापट मरायचा. म्हणजे मुख्य नक्कल दुसरंच कुणीतरी करत होतं आणि ह्या एन्झाइमचा मोठा वाटा दुरुस्तीत होता. त्या जनुकाला पोल-ए असं नाव पडलं आणि त्यात पॉलाचं नाव लपलंय असं सांगतात. पुढे मुख्य नकलाकार शोधण्यात कॉर्नबर्ग ह्यांच्या मुलाचाच, थॉमसचा, मोठा हात होता. हा मुलगा खरं तर चेलोवादक. हाताच्या दुखण्यामुळे वादन सुटलं आणि तो ह्या वाटेला लागला.

आज आपल्याला माणसाच्या पेशीतले पंधराहून जास्त पॉलिमरेज माहीत आहेत. इतके कशाला लागतात? माझ्या मते ह्या प्रश्नाच्या उत्तरातच मावशीच्या प्रश्नाचं उत्तर आहे.

मुख्य नकलाकार कमालीचे काटेकोर असतात. चुकीचं अक्षर लागलं तर एक पाऊल मागे येऊन ते काढून टाकतात आणि पुन्हा लावतात. त्यांच्यामागून तपासनीसांची आणखी एक फळी फिरते. एवढं सगळं झाल्यावर शंभर कोटी ते हजार कोटी अक्षरांमागे जेमतेम एखादी चूक उरते. पण एकेका पेशीत अक्षरंच मुळी सहाशे कोटी! म्हणजे पेशी दुभागताना एखाद-दुसरी चूक राहून जाणारच. आणि असं दुभागणं आपल्या शरीरात जन्मभर, अगणित वेळा चालतं. जुन्या काळी पोथ्यांची नक्कल करणारे लेखनिक शेवटी नम्रपणे लिहून ठेवायचे की जसं पाहिलं तसं उतरवलं, चूक असेल तर दोष मला देऊ नका. पेशीला लिहिता आलं असतं तर तिनेही प्रत्येक प्रतीखाली हेच लिहिलं असतं.

आता जरा मोठ्या नुकसानीकडे येऊ. एक अक्षर गळणं निराळं आणि दोन्ही धागे एकाच जागी तुटणं निराळं. असं तुटणंही एकेका पेशीत रोज दहा ते पन्नास वेळा होतं असा अंदाज सांगितला जातो. इथे समोरचा धागाही गेलेला, मग बघून भरायचं कशावरून? फाटलेल्या लुगड्याचं आजी जे करायची तेच पेशी करते. तीन प्रकार आहेत.

पहिला रफू. पेशी दुभागायच्या तयारीत असेल तर डीएनएची दुसरी प्रत शेजारीच तयार असते. तुटलेलं टोक त्या प्रतीत शिरून आपल्याशी जुळणारी जागा शोधतं आणि पॉलिमरेज तिथून बघून गेलेला मजकूर भरून काढतो. कुठे फाटलं होतं ते नंतर ओळखूही येत नाही. पण रफूला त्याच कापडाचा जोड लागतो, म्हणजे शेजारी प्रत असावी लागते. ती नेहमी नसते.

दुसरा टाका. प्रत नसेल तर दोन टोकं जवळ आणायची, लागलंच तर पॉलिमरेजने दोन-चार अक्षरं भरायची आणि जोडून टाकायचं. झटपट काम. बऱ्याचदा ठीक होतं, कधी एखादं अक्षर कमी-जास्त होतं. आपल्या शरीरातल्या बहुतेक मोठ्या तुटी अशाच सांधल्या जातात.

तिसरं ठिगळ. पहिले दोन उपाय जमले नाहीत तर पॉलिमरेज थीटा नावाचा गडी पुढे येतो. तो दोन्ही टोकांवर दोन-चार अक्षरांचा कुठलाही जुळणारा तुकडा शोधतो, तिथे टोकं एकमेकांवर चढवतो आणि उरलेली फट भरून टाकतो. मधला मजकूर जातो, कधी भलताच मजकूर आत शिरतो. पण गुणसूत्र तुटलेलं राहत नाही. पेशी जगते.

शिकवताना मुलं विचारायची, "मॅडम, इतका गलथान एन्झाइम निसर्गाने ठेवलाच कशाला?" माझं उत्तर तेव्हाही हेच होतं आणि आजही हेच आहे. तुटलेल्या गुणसूत्रापेक्षा ठिगळ बरं. थंडीत उघडं पडण्यापेक्षा गोधडी बरी, तिच्यात चार रंगांचे तुकडे असले तरी!

आणि हे नुसतं समाधान करून घेणं नाही बरं का. कडक उन्हाने डीएनएमध्ये शेजारशेजारचे दोन टी एकमेकांना चिकटतात. काटेकोर नकलाकार तिथे आला की अडतो, पुढे जातच नाही. तेव्हा पॉलिमरेज ईटा मदतीला येतो. साध्या, धडधाकट डीएनएवर ह्याला काम दिलं तर शेकडा-हजार अक्षरांत एखादी चूक करेल इतका तो ढिला आहे. पण चिकटलेल्या टी-टी समोर तो बरोब्बर दोन ए ठेवतो आणि काम पुढे सरकतं. काही माणसांमध्ये जन्मतःच हा ईटा नसतो. त्यांना उन्हाचा भयंकर त्रास होतो, कमी वयात त्वचेचे कॅन्सर होतात. ह्या आजाराचं हे मूळ १९९९ मध्ये सापडलं. जपानमधल्या एका गटाने आणि टेक्सासमध्ये सत्य प्रकाश आणि लुईझ प्रकाश ह्यांच्या गटाने ते शोधलं. म्हणजे बघा, 'गलथान' नकलाकार नसला तर माणसाला उन्हात उभं राहता येत नाही.

आता मावशीकडे येते. तपासणीत तिच्या बीआरसीए-१ ह्या जनुकात दोष निघाला. "कॅन्सरचं जनुक निघालं" असं आमच्याकडे फोनाफोनी झाली, ती वाचकांपैकी काहींनी केलीच असेल. पण बीआरसीए हे कॅन्सरचं जनुक नाही हो! बीआरसीए-१ आणि बीआरसीए-२ हे रफूगार आहेत. वर सांगितलेल्या पहिल्या प्रकारात तुटलेलं टोक तयार करायचं आणि त्याला शेजारच्या प्रतीपर्यंत न्यायला मदत करायची, ही त्यांची कामं. प्रत्येकाकडे ह्या जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून, एक वडिलांकडून. मावशीला त्यातली एक जन्मापासून खराब मिळाली. उरलेल्या एका प्रतीवर सत्तर वर्षं तिचं सगळं सुरळीत चाललं. कुठल्यातरी एका पेशीत ती दुसरीही गेली आणि त्या पेशीत रफू बंद झाला. मग टाके आणि ठिगळं, ठिगळं आणि टाके... चुका साचत गेल्या. ह्यात मावशीने काय खाल्लं, कशाचं टेन्शन घेतलं, ह्याचा संबंध कुठे येतो?

आणि गंमत अशी की पेशीचा हाच कमकुवतपणा औषधाच्या कामी येतो. २००५ मध्ये दोन वेगवेगळ्या गटांनी दाखवलं की रफू बंद पडलेल्या पेशींमधला पार्प नावाचा आणखी एक दुरुस्तीवाला अडवला तर त्या पेशी मरतात. निरोगी पेशींचं तितकं बिघडत नाही, कारण त्यांच्याकडे रफू शाबूत असतो. ह्याच तत्त्वावरचं ओलापॅरिब हे औषध अमेरिकेत अंडाशयाच्या कॅन्सरसाठी २०१४ मध्ये मंजूर झालं. मावशीच्या गोळ्या ह्याच जातीच्या आहेत. शिवाय रफू नसलेल्या कॅन्सरच्या पेशी ठिगळावर, म्हणजे पॉलिमरेज थीटावर, जगतात हे २०१५ मध्ये लक्षात आलं. नोव्होबायोसिन हे जुनं प्रतिजैविक थीटाला अडवतं, असं २०२१ मध्ये प्रसिद्ध झालं. थीटाला अडवणाऱ्या औषधांच्या चाचण्या रुग्णांवर सुरू झाल्या आहेत. म्हणजे पेशीचं शिवणकाम समजून घेणं हा काही रिकामपणचा उद्योग नाही.

इथे कुणीतरी म्हणेल, "म्हणजे सगळं नशिबावरच म्हण की. मग तंबाखू खायला हरकत नाही!" हरकत आहे. टोमासेटी आणि व्होगेलस्टाइन ह्यांनी २०१७ मध्ये जो हिशेब मांडला, त्यात कॅन्सरला कारण होणाऱ्या बदलांपैकी जवळजवळ दोन तृतीयांश नकलेतल्या सहज चुकांमुळे होतात, सुमारे २९ टक्के परिस्थितीमुळे आणि सवयींमुळे, आणि ५ टक्के आनुवंशिक, असं निघालं. पण एका कॅन्सरला असे बरेच बदल एकत्र यावे लागतात, त्यातला एक टाळला तरी कॅन्सर टळू शकतो. म्हणून चाळीस टक्क्यांच्या आसपास कॅन्सर टाळता येण्यासारखे आहेत, हेही त्यांनीच बजावलंय. तेव्हा तंबाखू सोडायची, पण ती आजार होण्याआधी. आजारी पडलेल्या माणसाच्या उशाशी बसून त्याच्या सवयींची उजळणी करायची नाही. पहिल्याला काळजी म्हणतात. दुसऱ्याला काय म्हणतात ते तुम्हीच ठरवा.

आता घरच्यांसाठी दोन शब्द, जरा स्पष्टच.

एक. हा दोष बायकांकडूनच येतो आणि बायकांनाच छळतो, हा समज सोडा. तो वडिलांकडूनही येतो. मामा म्हणतो, "मला काय करायचीय तपासणी?" मामा, तुझ्या दोन मुली आहेत. तुझ्यात तो असण्याची शक्यता निम्मी, आणि तुझ्यात असला तर प्रत्येक मुलीला मिळण्याची शक्यता पुन्हा निम्मी. पुरुषांनाही प्रोस्टेटचा, क्वचित स्तनाचाही धोका वाढतो. तेव्हा रक्त द्यायला ये. सुईला घाबरतोस हे सगळ्यांना माहीत आहे, मी येते बरोबर.

दोन. सरसकट सगळ्यांनी उठून तपासणी करावी असं मी म्हणत नाही. स्तनाचे बहुतेक कॅन्सर आनुवंशिक नसतात. पण घराण्यात कमी वयात स्तनाचा कॅन्सर किंवा कुणालाही अंडाशयाचा कॅन्सर झाला असेल तर जेनेटिक समुपदेशकाशी एकदा बोला. मुंबईत टाटा मेमोरियलसारख्या ठिकाणी ह्याचा वेगळा विभाग आहे. बीआरसीए-१ चा दोष असलेल्या बाईला ऐंशीव्या वर्षापर्यंत स्तनाचा कॅन्सर होण्याची शक्यता सुमारे ७२ टक्के आणि अंडाशयाचा सुमारे ४४ टक्के, असं २०१७ च्या एका मोठ्या अभ्यासात दिसलं. आकडे मोठे आहेत. पण वेळेवर कळलं तर करण्यासारखंही पुष्कळ आहे. लवकर सुरू केलेले एमआरआय आहेत. मुलंबाळं झाल्यावर डॉक्टरांशी बोलून अंडाशय काढण्याचा पर्यायही आहे, त्याने धोका खूपच कमी होतो.

तीन. "मुलींच्या लग्नाचं कसं होणार, बाहेर कळलं तर?" हे वाक्य मी गेल्या वर्षभरात तीन वेळा ऐकलं. ज्या घरी हे ऐकून लग्न मोडेल, त्या घरी मुलगी आजारी पडली तर तिचं कोण करणार होतं? लपवून मुलगी वाचत नाही, फक्त वेळ जातो.

माझी आई आता नाही, त्यामुळे तिच्यात हा दोष होता की नव्हता ते कळायला मार्ग नाही. माझ्या वाट्याला येण्याची शक्यता चारात एक. गेल्या आठवड्यात रक्त देऊन आले, रिपोर्ट यायला अजून तीन-चार आठवडे आहेत. भीती वाटते का? वाटते ना. पण लाज वाटत नाही, आणि ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सहाशे कोटी अक्षरांतलं एखादं खराब असलं तरी बाकीच्या डीएनएत माझ्या पेशी आयुष्यभर रफू करत आल्या, टाके घालत आल्या, जमेल तिथे ठिगळं लावत आल्या. त्यांच्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही.

रिपोर्ट आला की इथे कळवेनच. तो कसाही आला तरी काय चुकलं असं मी स्वतःला विचारणार नाही. तुम्हीही मला ते विचारू नका, आणि मावशीला तर मुळीच नको. विचारायचंच असेल तर डबा कधी पाठवू, एवढंच विचारा.